शांतादेवीच्या सुनंचं डोहाळं

आमच्या गल्लीत शांतादेवीला गोंधळलेली कुणी बघितलीच नव्हती. नवरा रुद्रय्या ऐन उमेदीत गेला, पदरात एकटा संगमेश, तरी लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान तिनं बंद पडू दिलं न्हाई. हमाल तिच्याम्होरं खालच्या आवाजात बोलायचं. दलाल भाव ठरवायला बसला की मधनंच प्यायला पाणी मागायचा. माहेर संकेश्वराकडचं, त्यामुळं मराठी बोलता बोलता कानडीत शिरायची, आणि राग आला की मराठी पारच संपायची. मी तिची भिंतीपलीकडची शेजारीण, शालूबाई. इतकी वर्षं शेजार केला, भांडलो, परत गोड झालो, पण ही बाई कधी 'आता काय करू' म्हणल्याचं मला आठवत न्हाई. एकदाच म्हणाली, आणि तेबी खेकड्यावरनं.

आता ह्यात नवल काय, तर त्यांच्या घरात अंड्याचं नावसुद्धा निघायचं न्हाई. लिंगायत माणसं. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याबिगर तिच्या तोंडात पाण्याचा थेंब जायचा न्हाई. आणि आम्ही पडलो मराठा. माझा नवरा जोतीराम उद्यमनगरात फौंड्रीत कामाला, गाव राधानगरीकडं. आमचा आयतवार कोरडा गेला तर हा माणूस सोमवारी कुणाशी धड बोलत न्हाई. (माझी पुण्याची जाऊ हसती, बाई असून 'आलो, गेलो' काय म्हणतीस म्हणून. हसू दे. आमच्या कोल्हापुरात बायका अशाच बोलतात.)

खेकड्याचं म्हणशीला तर सगळं खेकडं एक न्हवं. भाताच्या बांधाला बिळात असतात ती मुठं, बारकी, मळकट. त्यांच्यात खायला काय नसतं, वाटून रस काढायचा आणि कालवणात सोडायचा. ओढ्यात दगडाखाली बसतो तो काळा खेकडा. त्याच्या नांग्या बघूनच पोरं मागं सरकतात, आणि चवीला त्याच्यासारखा दुसरा न्हाई. समुद्राचं खेकडं घाट चढून बर्फातनं येतात, कुणाच्या पाठीवर ठिपकं, कुणाच्या नांग्या निळ्या. मास भरपूर, पण आमच्या जिभेला गुळमट लागतं. कोकणातली माणसं त्याचं कवतिक करतात, करू द्यात बापडी. पावसाळ्यात होड्या बंद, मग बाजारात आमचा काळाच राजा. उलटा करून बघायचा, पोटावरची झडप रुंद असली तर मादी, निमुळती असली तर नर. पौर्णिमेला घेऊ नये, पोकळ निघतो. अवसेला भरलेला. हे आमच्या घरात पोरांना शाळेच्या आधी कळतं. शांतादेवीला मात्र खेकडा आणि विंचू एकाच भावकीतलं वाटायचं.

सत्त्याण्णव सालचा आषाढ होता. तिची सून शांभवी पोटुशी होती. निपाणीची पोर, गुणी, सासूला कानडी वळणानं 'अत्ती' म्हणायची. पण आधी दोन खेपा पोट राहून गेलं होतं, आणि ह्या खेपेला चौथा महिना लागला तरी पोटात काय ठरत नव्हतं. पेज घेतली की उलटी, लिंबूपाणी घेतलं की उलटी. दवाखान्यात नेऊन सलाईन लावायचं, घरी आणायचं, परत तेच. मनगट एवढं बारीक झालतं की बांगड्या कोपरापतोर घसरायच्या. डॉक्टर म्हणालं, पोटात राहील ते द्या, काही का असेना, न्हाईतर अवघड हाय. शांतादेवी दुकानात बसायची, पण ध्यान सगळं घराकडं. ह्या खेपेचं गेलं तर त्याच्यासंगं पोरगीसुद्धा हातची जाईल, हे भ्या तिच्या तोंडावर दिसायचं.

त्या आयतवारी जोतीरामनं गावाकडनं पिशवीभर काळं खेकडं आणलं. शेजारी पोटुशी बाई, तिला वासाचा तरास नको म्हणून मी परसात लांब कोपऱ्यात चूल मांडली. रस्स्याला उकळी आली, आणि वळून बघतो तर कुंपणाला धरून शांभवी उभी. तोंडाला पदर न्हाई, काय न्हाई, नाक वर करून वास घेत उभी. हे काय हाय म्हणून मला विचारलं. मी म्हणलं, तुझ्या कामाचं न्हवं, आत जा, वारं लागंल. ती गेली न्हाई. जोतीराम जेवून हात धुवून आला तरी पोरगी तिथंच. त्यालाच लाजल्यागत झालं.

दिवेलागणीला शांतादेवी आमच्या दारात. शांभवीला खोटं बोलायला येतच नव्हतं, तिनं सासूला सरळ सांगून टाकलं होतं. शांतादेवी उंबऱ्यावरच बसली. बसायला पाट देतो म्हणलं तर नको म्हणाली.

"वैनी, हिला खेकड्याचं डोहाळं लागल्यात. आता काय करू मी?"

मला आधी हसू आलं, आणि तिचं तोंड बघून गेलं. ती एकटीच बोलत सुटली. जन्मात कधी जिभेला लागलं न्हाई त्याची आस कशी लागती? पोटातलं पोर मागतंय का? मागच्या जन्मी ते कोण होतं? का आमच्या घराण्यात कुणी चोरून खाल्लंय आणि ते आता वर आलं? का तुमच्या चुलीचीच नजर लागली? मला काय ठाऊक! मी म्हणलं, बाई, चिंचा मागितल्या असत्या तर तू पोतं आणून टाकलं असतंस, पोरीनं नेमकं तुझ्या वर्मावर बोट ठेवलंय.

डोहाळं पुरवलं न्हाईत तर पोराची जन्मभर लाळ गळती, हे त्यांच्यात बी म्हणतात आणि आमच्यात बी. म्हणून तिला वाटत होतं की अडचण एकच हाय, धर्माची. पण आमच्यात आणखी एक हाय. पोटुशी बाईनं खेकडा खायचा न्हाई. खेकडा आडवा चालतो, म्हणून पोर पोटात आडवं येतं, असं माझी सासू सांगायची, आणि गावातल्या एका बाईचं नाव घेऊन सांगायची. शांतादेवीला हे कुठनं ठाऊक असणार? जे ताटात कधी येतच न्हाई त्याचा नेम कोण कशाला करंल? मी गप बसलो असतो तर बरं झालं असतं की न्हाई, मला सांगता यायचं न्हाई. पण माझ्या पोटात काय राहत न्हाई, मी सांगून टाकलं.

न्हाई दिलं तर लाळ, दिलं तर आडवं. आणि काहीच न्हाई दिलं तर पोरगी डोळ्यांदेखत वाळत चाललेली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, त्यातली गत. मग तिनं मला विचारलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. म्हणाली, ह्यात शाकाहारी जात नसती का, वैनी, एखादी?

नसती म्हणलं, पण आपण करूया. दुसऱ्या दिवशी तिच्याच चुलीवर मी रस्सा केला. तेच कांदा-खोबऱ्याचं वाटण, तीच आमची चटणी, आणि खेकड्याच्या तंगड्यांच्या जागी शेवग्याच्या शेंगा. चोखायचं आणि टाकायचं, काम तेच. मला माझंच कवतिक वाटलं. शांभवीनं एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली, म्हणाली, हे ते न्हवं. आणि न्हाणीकडं पळाली. आता ज्या पोरीनं जन्मात खेकडा खाल्ला न्हाई, तिला हे ते न्हवं हे कसं कळलं, सांगा बघू मला.

शांतादेवीनं मग विचारायचा सपाटा लावला. डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, नीट शिजवून द्या, काय हरकत न्हाई. आडवं यायचं विचारल्यावर तो हसला. ती मला म्हणाली, हसणाऱ्या माणसाचं काय खरं धरायचं? संगमेशला विचारलं. तो म्हणाला, अव्वा, तू करशील ते. पुरुषमाणसाला एवढं एक वाक्य बरं सापडतंय. मठातल्या स्वामींना विचार म्हणलं, तर त्याला ती तयार न्हाई. विचारलं आणि ते नको म्हणाले, तर मग माझ्या हातात काय राहील, म्हणाली. मला तेव्हा कळलं की ही बाई मनातनं अर्ध्या वाटेवर गेलीया, आणि तिची तिलाच भीती वाटतीया.

आणि श्रावण तोंडावर आलेला. श्रावण लागला की आमच्या घरात महिनाभर चुलीवर मटण-मासळी काय चढत न्हाई, जोतीरामसुद्धा गोगलगाईसारखा गप असतो. काय करायचं ते अवसेच्या आत. अवसेच्या आदल्या सकाळी ती पिशवी घेऊन माझ्या दारात उभी. बाजारात चल म्हणाली.

बाजारात चिमणाबाई खेकड्याची बुट्टी घेऊन बसायची, राधानगरीच्या वरच्या अंगाच्या वाडीवरनं यायची. मी तिचं ठरलेलं गिऱ्हाईक. शांतादेवीनं बुट्टीत डोकावून बघितलं आणि दोन पावलं मागं आली, परत पुढं झाली. चिमणाबाईनं कुणासाठी म्हणून विचारलं, तर हिनं कसलाही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मी म्हणलं, आता ही बी नको म्हणंल आणि सुटलो एकदाचं. कसलं काय! चिमणाबाई म्हणाली, आमच्यात पोटुशीला मुद्दाम देतात की, पोराची हाडं घट होतात. माझ्या चार सुनांनी खाल्लंय. मी म्हणलं, आणि आडवं? ती म्हणाली, असलं खुळ्यागत तुमच्याकडं कोण सांगतं?

म्हणजे बघा. माझी सासू सांगती आडवं येतं. चिमणाबाई सांगती हाडं घट होतात. डॉक्टर हसतो. मला तर तिथं बाजारात उभ्या उभ्या वाटायला लागलं, की मी आजवर जे खाल्लं आणि जे टाळलं, ते कुणाच्या सांगण्यावरनं? शांतादेवीनं मात्र पिशवी पुढं केली.

घरी आल्यावर मी आधीच सांगून टाकलं, शिजवायला मी हात लावणार न्हाई. मारून, साफ करून देतो, चूल देतो, भांडं देतो. पण शिजवणारीचं नाव होतं. उद्या काय उणंअधिक झालं तर गल्ली माझ्या नावानं शंख करंल. ती म्हणाली, मी शिजवतो, तू सांग. मी म्हणलं, बरं, मग मारायचं पाप माझं, शिजवायचं तुझं आणि खायचं तिचं, वाटून घेतलं की कमी होतंय. खरं तर मला बी काय कळत नव्हतं मी काय बोलतोय.

मी नांग्या मोडल्या, पाठीचं कवच काढलं, आतलं नको ते टाकलं. बारक्या तंगड्या पाट्यावर वाटून, पाण्यात कालवून गाळून दिल्या. शांतादेवी पाठ करून उभी होती. पण भांडं चुलीवर चढल्यावर वळली, आणि मग हात थांबला न्हाई. वाटण तिनंच परतलं, गाळलेलं पाणी तिनंच ओतलं. मधी मधी विचारायची, मीठ किती, उकळी किती. ज्या हातानं सकाळी पूजा केलती त्याच हातात माझी पळी. मला राग आला, कुणाचा ते कळंना.

शांभवीला आमच्या सोप्यात पाटावर बसवलं. वासानं तिचं डोळं मोठं झालतं. शांतादेवीनं भात वाढला, रस्स्याची वाटी ठेवली. पोरीनं हात पुढं केला, आणि शांतादेवीनं वाटी मागं ओढली. थांब म्हणाली.

मला वाटलं, झालं, शेवटी फिरली. पण ती तिथंच भिंतीला टेकून बसली. पदराखाली डाव्या मुठीत गळ्यातलं लिंग घट्ट धरलं, आणि उजव्या हातानं वाटी तोंडाला लावली. रस्सा ओरपला. मग नांगी उचलली. कशी फोडायची ठाऊक न्हाई, तशीच कवचासकट कराकरा चावली. ओठ फाटला, हनुवटीवर रक्त आलं, तरी वाटी रिकामी केल्याबिगर खाली ठेवली न्हाई. शांभवी रडायला लागली. मी शांतादेवीवर ओरडलोच, अगं बये, तुझ्या पोटात काय गर्भ हाय का? तू खाऊन काय कळणार हाय?

"ह्याच पोटातनं संगमेश आलाय," ती म्हणाली. "बाधायचं असंल तर आधी ह्याला बाधू दे."

खुळेपणाच होता, मला दिसत होता. ती पोटावर हात ठेवून बसून राहिली. भात गार झाला, रस्स्यावर तवंग धरला. एका बाजूला भुकेली सून मुसमुसतीया, दुसऱ्या बाजूला सासू डोळं मिटून पोटाचं ऐकतीया, आणि मधी मी, पळी हातात घेऊन, रस्सा परत तापवू का नको ह्या विचारात. दुपार उतरली तेव्हा तिनं डोळं उघडलं. वाढ म्हणाली.

शांभवीनं खाल्लं. मी खातं माणूस पुष्कळ बघितलंय, पण असं खाणं बघितलं न्हाई. आणि ते पोटात राहिलं. सोप्यातच पडवीकडं डोकं करून झोपली, तर अंधार पडल्यावर उठली आणि ताक मागितलं. त्या दिवसापासनं उलट्या उतरत गेल्या. खेकड्यानं थांबल्या, का चौथा महिना सरला म्हणून थांबल्या, काय की. पौषात बाळंत झाली. पोरगी, सरळ आली, डोक्याकडनं. सौंदर्या नाव ठेवलं. बारशाला मी पाळण्यापाशी गेलो आणि गुपचूप बघितलं, लाळ गळत होती. पण तेवढी तर सगळ्याच पोरांची गळती.

ह्या सगळ्यानंतर आम्ही दोघी बहिणींसारख्या होणार असं मला वाटलं. तर पुढच्या आषाढात मी परसात खेकड्याचा रस्सा ठेवला, उकळी आली, आणि शांतादेवीच्या घराची आमच्याकडची खिडकी धाडकन बंद. मी म्हणलं वारा असंल. पुढच्या खेपेला परत तेच. कोंबडीचं कालवण असलं तर खिडकी उघडी, मटण असलं तर उघडी, खेकडं आलं की बंद. वर्षानुवर्षं. माझं डोकं फिरायचं. माझ्या चुलीवर, माझ्या भांड्यात शिजवलंस, माझ्या सोप्यात बसून खाल्लंस, तेव्हा घाण आली न्हाई का? आता नात झाली, सून धडधाकट झाली, आता आमचा वास सोसंना? जोतीराम म्हणायचा जाऊ दे. मी बोलत नव्हतो, पण माझ्या मनात ते कुसळागत राहिलं.

दोन हजार पाच साल असंल. तिचं गुडघं गेलतं, दुकान संगमेश बघायचा. त्या दिवशी पाटावर तंगड्या वाटून मी उठतोय तोवर खिडकी वाजली. माझा तोल सुटला. हात तसंच घेऊन मी तिच्या घरात शिरलो. ती पलंगावर बसली होती, खिडकीच्या कडीवर हात. मी जे मनात होतं ते सगळं ओकून टाकलं. एवढी घाण वाटत होती तर त्या दिवशी माझ्या दारात आलीस कशाला, इथपतोर बोललो. तिनं नातीला औषधाच्या दुकानात आज्जीची गोळी आणायला पाठवलं. दार लोटलं का ते बघितलं. मग म्हणाली,

"वैनी, खाल्लं ते पोरीसाठी. ते देव माफ करंल. पण मला ते गोड लागलं. इतकी वर्षं झाली, वास आला की तोंडाला पाणी सुटतं. त्याचं काय करू मी?"

मी आलतो भांडायला. मी पुढं झालो, खिडकीची कडी नीट बसली न्हवती ती बसवली, आणि तिच्याजवळ पलंगावर बसलो.